भरिताच्या पार्टीत लंगडा ठेका

एखादी गोष्ट आवडली तर ती आपली आपण गुपचूप आवडून घ्यावी, एवढी साधी अक्कल मला अजून आलेली नाही.

धुळ्याहून जळगावला येताना एसटीत मोबाइलने आपणहून एक अल्बम लावला. कुणा परदेशी माणसाने कॉम्प्युटरवर केलेला. ना गायक, ना शब्द. दारांची करकर, भांड्यांची आदळआपट, मधेच बेडकाने शिंकावं तसा आवाज. पहिले तीन तुकडे मी इअरफोन बिघडला असं समजून ऐकले. चौथ्यात मात्र अडकलो. त्याचा ठेका लंगडा होता. सात ठोके सरळ, आठव्याला ठेच. ती ठेच आली की मला हसूच फुटे. शेजारचा प्रवासी सरकून बसला.

आता हे कुणाला तरी आवडायलाच हवं! बायकोने अर्ध्या मिनिटात 'डोकं दुखतंय' म्हणून निकाल दिला. उरला मेहुणा. लग्नापासून मला आवडलेलं प्रत्येक गाणं त्याने मान डोलावून ऐकलंय. सासरी माझ्या बाजूचा तेवढा एकच माणूस. तोही गेला, की वेडा मी एकटाच.

यावलजवळ त्याच्या केळीच्या बागेत भरिताची पार्टी होती. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटल्या होत्या. वांग्यांना सुरीने टोचे मारून ती जाळात सोडायचं काम माझ्याकडे. मी आधी स्पीकर लावला.

मेहुण्याने कान टवकारले. "दाजी, हाई गाणं शे का मोटर जळी ऱ्हायनी?"

"अरे, मोटर कसली जळतेय, ऐक तर आधी!" मी वैतागलो. मग सुरात काय ठेवलंय, आवाजाकडे आवाज म्हणून कसं बघायचं, हे समजावत बसलो. या व्याख्यानाच्या भरात अर्धी वांगी न टोचताच जाळात गेली. चौथा तुकडा लागला आणि तेवढ्यात 'फट्ट'! मी डोळे मिटून हात उंचावला.

"वा! हा ठोका बघ! सुचला कसा असेल?"

"दाजी, वांगं फुटनं ते."

डोळे उघडले तर गरम गर माझ्या शर्टावर. पाठोपाठ दुसरं फुटलं. मंडळी हसून लोळली. सासऱ्यांनी मला जाळापासून उठवलं आणि कांद्याच्या पातीसमोर बसवलं.

मेहुणा लाकडी पात्रात दांड्याने वांगी ठेचू लागला. मी हट्टाने तोच तुकडा पुन्हा लावला होता. धप, धप, धप... आणि दांडा पात्राच्या काठावर. पुन्हा तेच.

"बंद करा ते, दाजी! मना हात चुकी ऱ्हायना!"

केलं बंद. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. संपलंच म्हणायचं, असं मनाशी चरफडत मी पात चिरू लागलो. मेहुण्याचं ठेचणं चालूच होतं. सात धप सरळ. आठव्याला दांडा हवेत किंचित अडखळायचा आणि मग खाली यायचा. पुन्हा सात, पुन्हा ठेच. त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

मी पात चिरत नुसती मान डोलावत राहिलो.