रिकाम्या काठवटीचा आवाज

नात समोर कॉलेजचं पुस्तक घेऊन बसली आहे. कुणा लेखकाच्या गरिबीतल्या लहानपणाचं आहे. त्यातल्या एका ओळीवर ती पिवळ्या पेनाने रेघ ओढते. त्या ओळीत लेखकाची आई भाकरी थापते आहे.

"आजी, हा थापण्याचा आवाज म्हणजे आईच्या मायेचं प्रतीक. परीक्षेत येतं."

येत असेल. मी चौथीपर्यंत शिकले, मला प्रतीक कळत नाही. घरात पीठ नसलं की माझी आई रिकामीच काठवट थापायची. भिंतीपलीकडच्या शेजारणीला वाटावं, यांच्याकडे भाकऱ्या चालल्यात.

"मग तुम्ही पोरं फसून धावत यायचात?"

"फसतोय कशाला? पीठ संपलंय हे सकाळीच माहीत असायचं. तरी खेळ टाकून यायचो. आवाज येऊनही पोरं घरी गेली नाहीत, तर शेजारणीला कळायला कितीसा वेळ?"

नातीने पेनाला टोपण लावलं. पुस्तकातल्या त्या ओळीत एकटी आईच आहे. आमच्याकडे घराची लाज सगळ्यांनी मिळून राखली.

चुलीपुढे आम्ही गप्प बसायचो. जरा वेळाने आई म्हणायची, "झालं, जा आता." मग आम्ही तोंड पुसत बाहेर पडायचो.