बटाट्याच्या आकाराचं भांडं आतून लख्ख झालं

मंडळी, आज सकाळी शारजातल्या आमच्या लॅबमध्ये माझा पुरावा ओल्या फडक्याने पुसला गेला.

पेरू देशातलं प्राचीन मातीचं भांडं, रुंद तोंडाचं, हुबेहूब बटाट्यासारखं. आतल्या काळ्या थरावरून त्यातून तेव्हाचे लोक काय प्यायचे ते कळणार होतं. नमुना आजच घ्यायचा होता.

सफाईवाले सावंतकाका खुशीत म्हणाले, "ताई, उद्या मालक बघायला येणार ना? त्यांच्यासमोर उष्टं भांडं ठेवायचं?"

"काका, हात लावू नका अशी पाटी होती!"

"ती इंग्लिश-अरबीत. मला कुठे वाचता येतंय?"

पाटी मीच लिहिली होती. काकांशी रोज मराठीत बोलते, पण हे एकदाही सांगितलं नव्हतं.

अहवालात 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना आहे. तिथे लिहिलेलं काकांचं नाव आत्ता खोडलं. तुम्ही कोणाचं लिहिलं असतं?