आधी घास कुणाचा

सकाळपासून शेजारच्या घरातून धिरड्यांचा वास येतो आहे. आंबवलेलं पीठ तापल्या तव्यावर पडलं की आधी एक आंबूस वाफ उठते आणि तिच्या मागून गुळाचा किंचित करपलेला गोडवा येतो. आमच्या जालन्यात हिवाळ्यातला वारा एमआयडीसीकडून आला तर लोखंडाचा धूर सोबत आणतो, त्यामुळे नाकाला काही चांगलं लाभलं की माणूस थबकतोच. मी चहाचा कप हातात धरून गॅलरीत थबकलो, तो चहावर साय धरेपर्यंत. आई असती तर आतूनच म्हणाली असती, "पीठ जाड झालंय तिचं, वासावरनं कळू राह्यलंय." वासावरून पिठाचा जाडपणा ओळखणारी ती बाई या पावसाळ्यानंतर गेली.

तरी हा वास मला आधी आईकडे नेत नाही. तो नेतो बाल्टिक समुद्राकाठच्या एका जर्मन शहरातल्या वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात. तिथे मी बियाणेशास्त्र शिकायला गेलो होतो. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा परतूरजवळच्या आमच्या गावात माझा सत्कार झाला होता. शाल झाली, नारळ झाला, वक्त्यांनी आपापल्या कार्याचा आढावा घेतला, आणि मी नेमका कुठे आणि कशासाठी चाललो आहे हे सांगायचं मात्र सगळ्यांकडूनच राहून गेलं.

माझ्या खोलीला लागून असलेल्या खोलीत इंडोनेशियाचा एक मुलगा राहायचा. जावा बेटाच्या डोंगराळ भागातला. शिकायला आला होता जहाजबांधणी, आणि त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. मी दुष्काळी मुलखातला, तो डोंगरातला. समुद्राशी दोघांचाही संबंध सारखाच, म्हणजे जवळपास नव्हताच. आमची मैत्री जुळली ती मात्र न्हाणीघरात. शौचानंतर पाण्याऐवजी कागदावर भागवण्याची सवय आम्हा दोघांनाही लागेना. मी तिथे झाडांना पाणी घालायची हिरवी प्लास्टिकची झारी आणून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी एक निळी झारी येऊन बसली. जर्मन मुलं बरेच दिवस या मजल्यावर झाडं कुठे आहेत ते शोधत होती.

त्याचं रोजचं आयुष्य माझ्यासारखंच बेताचं होतं. सकाळी वर्ग, दुपारी भात, संध्याकाळी एका बेकरीत ट्रे धुण्याचं काम. हिवाळ्यात तिकडे दिवस इतका आखूड होतो की त्याच्या नमाजांच्या वेळा एकमेकींना खेटून येत. एक आटोपून तो कांदा चिरायला घेई तोवर दुसरीची वेळ होई. मिरची परतली की धुराने छतावरची धोक्याची घंटा वाजायची आणि आम्ही दोघं खुर्चीवर चढून टॉवेलने छताला वारा घालायचो. स्वयंपाक करताना त्याचा फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला असे आणि त्यात त्याची आई असे. फार बोलायची असं नाही. ती तिकडे भाजी निवडायची, हा इकडे भात ढवळायचा, आणि मध्येच कुणीतरी काहीतरी म्हणायचं.

एकदा माझ्याही आईचा फोन त्याच वेळी आला आणि आम्ही गंमत म्हणून दोन्ही फोन एकमेकांसमोर उभे केले. आईने डोळे बारीक करून पाहिलं. समोर डोक्याला रुमाल गुंडाळलेली एक बाई. आईने लगेच स्वतःचा पदर डोक्यावर सारखा केला. "बघ, कसा नेटका पदर घेतलाय तिनं. न्हाईतर आपल्याकडच्या पोरी," म्हणाली. एवढ्यात त्या बाईने तव्यावरचं काहीतरी उलथन्यावर उचलून दाखवलं. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचं, गुळाच्या रंगाचं, तळहाताएवढं.

"अगं बाई, हे तर धिरडं!" आई ओरडली. "पर जाड झालंय. पातळ कर म्हणावं पीठ."

मी ते इंग्रजीत सांगितलं, त्याने जावानीजमध्ये. पलीकडून त्याची आई खूप हसली आणि तिचं उत्तर तसंच दोन भाषांच्या पायऱ्या उतरून आलं. "त्यांना सांगा, जाड केलं की लेकरं दुसरं मागत नाहीत."

आईला हे वाक्य इतकं पटलं की ती ते अनेक वर्षं स्वतःचं म्हणून वापरत राहिली.

जानेवारीत त्याची आई गेली. सकाळी तो स्वयंपाकघरात आला, किटलीत पाणी भरलं, आणि किटली चालू न करताच तिच्याकडे बघत उभा राहिला. काय झालं विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांच्यात दफन त्याच दिवशी करतात, लांबवत नाहीत. इकडून कितीही घाई केली असती तरी तो पोहोचायच्या आत सगळं आटोपलेलं असणार होतं. वडील म्हणाले, येऊ नकोस, परीक्षा दे. चुलतभावाने फोनवर दफन दाखवलं. तिकडे पाऊस होता. त्याला दिसली ती एका छत्रीची कड, काही अनवाणी पाय आणि चिखल. मूठभर माती टाकायची त्याची राहिली ती राहिलीच.

मजल्यावरच्या जर्मन मुलांनी फार चांगुलपणाने वागायचं ठरवलं. दारापाशी एक मेणबत्ती आणि छापील शोकपत्र ठेवलं, आणि त्यानंतर आठवडाभर सगळे आपापली दारं आवाज न करता लावत होते. त्यांच्याकडे दुःख झालेल्या माणसाला एकटं सोडणं ही माया असते. आमच्याकडे तो छळ समजला जातो. मी आईला फोन केला.

"तू बसायला गेल्तास का त्याच्याकडं?" तिचा पहिला प्रश्न.

"त्याची खोली माझ्या शेजारीच आहे, आई."

"शेजारी ऱ्हाणं येगळं, बसायला जाणं येगळं. आन् हात हलवत गेला असशील. त्याच्या घरी चूल पेटली न्हाई, तुला कळत न्हाई का? भाकरी घेऊन जा. पिठलं कर. त्याला पहिला घास तू दे. आन् तिथलं पाणीसुद्धा पिऊ नको, दहा दिवस जाऊ दे."

आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. ज्या घरात माणूस गेलं, त्या घराला शेजारच्यांनी जेवू घालायचं. त्या घरचं मात्र कुणी खायचं नाही. त्या आठवड्यात दोनदा मी पिठलं केलं, पण तो खोलीतून बाहेर येत नव्हता, डबा तसाच परत यायचा. सातव्या दिवशी तो आपणहून बाहेर आला. दाढी केलेली, इस्त्रीचा बाटिक शर्ट. दुपारपासून त्याने स्वयंपाकघर अडवलं. भात, अंडी, मिरचीत परतलेले बटाटे, आणि माझ्याकडून गूळ मागून घेऊन त्या जाड धिरड्यांचा एक ढीग. त्यांच्याकडे सातव्या संध्याकाळी गल्ली गोळा होते, प्रार्थना म्हणते आणि जेवते. लोकांनी खाल्लेलं गेलेल्या माणसाला पावतं. तिकडे घरी त्याच्या बहिणीने सगळं केलंच होतं. पण माती त्याच्या हातून पडली नव्हती. निदान हे एक तरी आपल्या हातून व्हावं एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी कुणीतरी जेवणं भाग होतं.

बोलावणं कसं करावं हे मात्र त्याला तिथे जमलं नाही. त्यांच्याकडे बोलवावं लागतच नाही. तो प्रत्येक दारावर जाऊन म्हणाला, "मी स्वयंपाक केलाय, सवड असेल तर या." मुलं गोंधळली. आई गेल्यावर सात दिवसांत हा मेजवानी देतोय, त्याला बहुधा धक्का बसलाय, अशी त्यांची समजूत झाली, आणि नको त्या वेळी त्रास नको म्हणून सगळ्यांनी हळुवारपणे नकार दिला. कुणाची उद्या परीक्षा, कुणाचं पोट ठीक नाही.

तिकडे सूर्य चारलाच मावळतो. तो मावळला तेव्हा चटईवर मी एकटा होतो. त्याने एकट्याने प्रार्थना म्हटली, मी हात जोडून बसलो, मग त्याने ताट वाढून माझ्यापुढे सरकवलं. मी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. शेवटचं ज्वारीचं पीठ होतं, भाकरी तुटकी झाली होती.

"तू खा आधी," तो म्हणाला.

"नाही, आधी तू. मी इथलं खायचं नाही. आमच्यात रीत आहे."

"आमच्यातही रीत आहे. पाहुण्यांनी खाल्ल्याशिवाय मला कसं खाता येईल?"

मी काही फार रीती पाळणारा माणूस नव्हे. पण आईने इतक्या लांबून बजावलं होतं, आणि परदेशात माणूस घरच्या गोष्टी घरच्यापेक्षा जास्त पाळतो. दोन अन्नं समोरासमोर निवत होती. त्याचा चेहरा आता पडत चालला होता. शेवटी तोच म्हणाला, "तुझ्या आईला विचार."

फोन मिठाच्या बरणीला टेकवला. जालन्यात रात्रीची जेवणं उरकली होती; आई ओट्यावरची भांडी आवरत होती. मी सगळं सांगितलं. तिने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"त्याच्या आईचं हाय ना रे हे?" ती म्हणाली. "मंग तिच्या रिवाजानं होऊ दे. तू जेव. बिलकुल मागंपुढं बघू नको. पर पहिला घास त्याला दे. तेवढं माझं ऐक." मग विचारलं, "कितीजण आलेत?"

"मी एकटाच."

"एकटाच?" पदराने हात पुसत ती बाजूला झाली. परत आली तेव्हा तिच्या हातात चतकोर भाकरी आणि ठेचा होता. फोनसमोर मांडी घालून बसली.

"आई, तू जेवलीस ना मघाशी?"

"जेवले तर जेवले. आता पाव्हणी म्हणून बसले. चला, जल्दी करा, निवू राह्यलं."

मी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून त्याच्या तोंडापुढे धरला. त्याने तो घेतला, आणि सात दिवसांत पहिल्यांदा रडला, घास तोंडात तसाच ठेवून. मग मी त्याचा भात खाल्ला, आईने तिकडे भाकरी. थोड्या वेळाने समोरच्या खोलीतला उंच मुलगा कपात पाणी भरायला आला, आम्हाला पाहून दारात अडखळला, आणि कुणी काही न सांगताच चटईवर बसला. त्याचे पाय कुठेच मावेनात. त्यानेही एक धिरडं खाल्लं. आईने विचारलं, "ह्यो कोण?" मी म्हटलं, "गल्लीतला." आई म्हणाली, "बराबर."

ती गोष्ट सरली. आम्ही शिकून परतलो. तो जावाच्या किनाऱ्यावर जहाजं बांधतो, मी इथे एका बियाणे कंपनीत उगवणक्षमता तपासतो. आई दर दोन-चार महिन्यांनी विचारायची, "त्या पोराचं कसं चाललंय?" आणि या पावसाळ्यानंतर विचारणारं कुणी राहिलं नाही.

आईचं तेरावं मोठं झालं. मी म्हटलं नव्हतं, तरी झालं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर आई कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी, आणि श्रद्धांजली वाहणारे पुढारी कमरेपर्यंत, हसतमुख. एकाने माइकवर आईला "मातोश्री" म्हणताना तिचं नाव चुकवलं. जेवणाचा ठेका केटररकडे होता. पहिल्या दिवशीची पिठलं-भाकरीसुद्धा एका भल्या शेजाऱ्याने फोनवरून मागवली होती. चंदेरी कागदात बांधलेले डबे आले, ओसरीवर रांगेने ठेवले गेले. कुणी खाल्ले ठाऊक नाही.

तेराव्याच्या दुपारी मंडपवाले बांबू सोडत होते तेव्हा त्याचा फोन आला.

"लोक जेवले?"

"जेवले. सगळी कॉलनी जेवली."

"आणि तुला? पहिला घास कुणी दिला?"

मला आठवेना. बांबू पडल्याचा आवाज येत राहिला. त्याने फोन कशाला तरी टेकवला, बहुधा मिठाच्या बरणीलाच, आणि केळीच्या पानावर ते जाड धिरडं घेऊन समोर मांडी घालून बसला. "सकाळी केली," म्हणाला. "गल्लीत वाटली. लोकांनी विचारलं कशाबद्दल. मी सांगितलं, माझ्या आईच्या सातव्याला एक बाई जेवायला आल्या होत्या, त्यांच्यासाठी. जा, घरातलं काहीतरी घेऊन ये. आज मी पाहुणा. पण आधी तू."

डब्यात सकाळची भाकरी होती. वातड झाली होती. त्याने घास भरवल्यासारखा कॅमेऱ्यापुढे हात केला, मी माझ्या हाताने घास घेतला. चावायला फार वेळ लागला.

तो फ्लेक्स पुढे महिनाभर टिकला. मग कुणीतरी उतरवून नेला आणि खळ्यावरच्या सोयाबीनवर पांघरला, अवकाळीच्या भीतीने. पुढाऱ्यांसकट आई पिकाच्या कामी आली. तिला ते आवडलं असतं.

आत्ता दार वाजलं. शेजारच्या ताई, हातात झाकलेलं ताट. "भाऊ, गरम आहेत तोवर खा. जरा जाडच झालीत, पीठच तसं झाल्तं."

"जाड असली की लेकरं दुसरं मागत नाहीत," मी म्हणालो.

त्या हसल्या, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. "काकूंचंच वाक्य हे. नेहमी म्हणायच्या."

मी हो म्हटलं. ते वाक्य मुळात कुणाचं, कुठल्या डोंगरातल्या कुठल्या चुलीपुढचं, हे दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. ते बोलणारी बाई गेली, उचलणारी गेली, आणि आता ते अंबड रोडच्या एका कॉलनीत शेजारणीच्या तोंडी रुळलं आहे. उद्या तिच्या सुना म्हणतील. माणसामागे काय उरावं हे आपल्याला ठरवता येत नाही, आणि जे उरतं त्यावर नाव नसतं. ताई अजून दारातच उभ्या होत्या. मी खाल्ल्याशिवाय त्या जाणार नाहीत, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.