उन्हात वाळवलेली पेंड

शेंगदाण्याच्या पेंडीचा कुबट वास आला की बाहत्तरच्या दुष्काळाआधीचं, प्रवरेकाठच्या मळ्यातलं आमचं तळं आठवतं. थोरल्या दादानं हौसेनं त्यात रोहूची पिल्लं सोडली होती आणि त्यांना खाऊ घालायचं काम माझ्याकडे होतं. त्या पावसाळ्यात पेंडीच्या पोत्याला हिरवी बुरशी आली. "भावजी, म्हशीनंबी तोंड लावलं न्हाई, टाकून द्या," वहिनी म्हणाल्या. "म्हशीचे लई नखरे. मासं कुठं वास घेत्यात?" असं हसून म्हणत मी पेंड उन्हात वाळवली, बुरशी झटकली आणि रोज तळ्यात टाकत राहिलो. बुरशी झटकली तरी तिचं विष आत राहतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझी चाहूल लागताच काठाशी गोळा होणारे मासे हळूहळू वर येईनात, मग पांढरी पोटं वर करून तरंगू लागले. "चुलत्यानं शेजारच्या उसावर मारलेलं औषध पान्यात उतरलं," दादा म्हणाला आणि त्यानं चुलत्यांशी बोलणंच तोडलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पेंडीचं नाव काढलं नाही. पुढे चुलते गेले तेव्हा मी खांदा दिला, दादा घरातच बसून राहिला. आज सत्तरीत हे लिहितो आहे, आणि लिहून झालं की आधी दादालाच वाचून दाखवणार आहे.