अर्ध्या तोंडावरचा उजेड

आमच्या घरात कोणतीही वस्तू माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आत येत नाही. धानाच्या बियाण्याची पिशवी असो, पाण्याची मोटर असो, नाही तर सुनेचा मिक्सर. मी उलटसुलट करून पाहतो, मग हो नाही तर नाही सांगतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अड्याळच्या बाजारात आपल्याला कोणी फसवलं नाही, असं मी तोऱ्यात सांगत आलो. तो तोरा कुठं उतरला ते लिहितो.

मागच्या हिवाळ्यात नातीनं माझ्या खाटेवर एक मुखोटा आणून ठेवला. पांढरा, प्लास्टिकचा, आतून बारीक बारीक दिवे. बटण दाबलं की लाल उजेड, पुन्हा दाबलं की निळा. तिच्यासोबत शिकलेल्या भंडाऱ्याच्या मैत्रिणीचा होता, तीन आठवड्यांसाठी मागून आणला होता. रोज दहा मिनिटं तोंडावर ठेवला तर पुटकुळ्या जातात, कातडी साफ होते, असं तिनं मोबाईलवर पाहिलं होतं. उपयोग असेल तर स्वतःच्या पगारातून नवा घ्यायचा तिचा विचार होता. ती गावातल्याच एका सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसते. पैसे तिचे, तरी विचारायला माझ्याकडेच आली.

"घेऊ का, आबाजी? का आधी भंडाऱ्याच्या चामडीच्या डॉक्टरले विचारू?"

डॉक्टर म्हटल्याबरोबर मी मुखोटा उचलून हातात घेतला. मी म्हटलं, "डॉक्टर कायले? आधी माह्या तोंडावर पाहू."

तिचे दोन्ही गाल तेव्हा लालबुंद होते. त्यावर बारीक पुटकुळ्या. उन्हात गेली की आग व्हायची, म्हणून ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घ्यायची. जन्मापासून तिचं तोंड असं नव्हतं. ते कशानं झालं हे मला ठाऊक होतं.

त्याच्या आदल्या वर्षी रोवणीच्या दिवसांत तिला पाहायला पाहुणे येणार होते. सुट्टी काढून तीही धानाच्या बांधीत उतरली होती. धान रोवताना वाकून राहावं लागते, वरचं ऊन पाठीवर आणि पाण्यातून उलटलेलं ऊन तोंडावर. पोरगी आठवड्यात काळवंडली. मी बाजारात गेलो, दुकानात जाऊन म्हटलं, तोंड उजळायचं काही द्या. दुकानदारानं एक ट्यूब काढली. चार दिवसांत फरक दिसेल म्हणाला, आणि ट्यूब कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "आठ दिवसांच्या वर लावू नका."

आठ दिवसांत पाहुणे येऊन जाणारच होते. मग त्यांच्याकडे सुतक पडलं आणि त्यांचं येणं दिवाळीपर्यंत लांबलं. तोवर पोरीचं तोंड असं उजळलं होतं की बाया विचारायच्या, काय लावतेस. मला मोठा अभिमान. मीच दुसरी ट्यूब आणली, मग तिसरी. मधात एकदा तिनं दोन दिवस लावायचं सोडलं तर गाल भाजल्यासारखे झाले. तेव्हा मी सांगितलं, "बंद नको करू, दोन वेळा लाव." आठ दिवसांचं मी कोणालाच बोललो नाही. पाहुणे दिवाळीत आले, चहा-पोहे खाऊन गेले, त्यांचा निरोप काही आला नाही. दुसरे येतील म्हणून ट्यूब चालूच राहिली.

मी शेतकरी आहे. युरिया टाकला की धान चार दिवसांत हिरवंगार दिसते, आणि जास्त टाकला की तेच धान रोग धरते अन् आडवं पडते, हे मी दुसऱ्यांना बांधावर उभं राहून शिकवतो. आणि घरच्या पोरीच्या तोंडावर हात राखून टाकायची अक्कल मला सुचली नाही.

तर मुखोटा मी लावला. शेतात नवं औषध मारून पाहायचं असलं की मी एक बांधी मारतो, बाजूची तशीच ठेवतो, म्हणजे फरक कळते. तसंच केलं. मुखोट्याच्या आत डाव्या गालाकडं पुठ्ठा लावला आणि उजव्या गालावर रोज दहा मिनिटं उजेड घेतला. आमच्या बुडीला, म्हणजे बायकोला, तर खेळच सापडला. मला पाहून म्हणाली, "नाटकात राक्षसाचं काम भेटलं का तुमाले?" अंगणात शेजारचे लोक पाहायला जमायचे. मी लाल तोंड करून गंभीर बसून राहायचो.

तीन आठवडे झाल्यावर बुडीनं मला उन्हात उभं केलं, हनुवटी धरून इकडं वळवलं, तिकडं वळवलं आणि सांगितलं, "दोन्हीकडून सारखेच बुडे दिसता." सगळे हसले. नातही हसली. मी त्याच हशात निकाल देऊन टाकला. "कामाचा नाई. वापस करून दे."

ज्या बांधीत रोगच नाही तिथं औषध मारून पाहिलं होतं मी. सत्तरीच्या कोरड्या गालावर पुटकुळी कुठं होती की ती जाईल? ही परीक्षा खोटी आहे हे मला पहिल्या दिवशीच कळत होतं. मला मुखोट्याचा निकाल नकोच होता. पोरीनं डॉक्टरकडे जाऊ नये, ट्यूबची गोष्ट निघू नये, एवढंच पाहिजे होतं. आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवून मुखोटा परत नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीत बसून कात्रीनं रिकामी ट्यूब उभी चिरत होती. आतलं चिकटलेलं बोटानं निपटून गालावर घेत होती. मला पाहून म्हणाली, "आता हेच राहिलं, आबाजी. तुमी आणलेलं तरी लागू पडते. आज बाजारातून नवी आणसान का?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. संध्याकाळी म्हटलं, "उद्या भंडाऱ्याले जाऊ. डॉक्टरकडे."

डॉक्टरीण बाई वयानं लहान होती. चिरलेली ट्यूब पाहिली आणि तिच्या कपाळावर आठी आली. हे मोठ्या ताकदीचं औषध आहे, तोंडाला लावायचं नाही, याच्यानंच कातडी पातळ झाली, असं तिनं समजावलं. नातीनं मुखोट्याचं विचारलं. बाई म्हणाली, साध्या मुरमांना अशा उजेडाचा थोडाफार उपयोग काही जणांना होतो, तोही महिनोन्महिने नेमानं लावला आणि डोळे सांभाळले तर. पण हे साधे मुरूम नाहीत. अशा नाजूक झालेल्या कातडीवर सध्या उजेड नको, डाग आणखी काळे पडू शकतात. ट्यूब सांगेन तशी बंद करायची. आधी त्रास वाढेल, मग हळूहळू उतरेल. काही महिने लागतील.

मग कागदावर लिहिता लिहिता तिनं सहज विचारलं, "दुकानदारानं किती दिवस लावायला सांगितलं होतं?"

"काही सांगितलं नव्हतं," नात म्हणाली.

मी खुर्चीत बसलो होतो. गप्प राहिलो असतो तर कोणाला कळणार नव्हतं.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मले. आठ दिवस."

डॉक्टरीण लिहायची थांबली. नातीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. पवनी रोडला लागल्यावर एकदाच बोलली, हळू आवाजात. "मी दोन दिवस बंद केली होती, आबाजी. तवाच सांगतलं असतं तर."



बाईनं सांगितलं तसंच झालं. दोन महिने तिचे गाल पाहवत नव्हते. ओल्या फडक्याच्या घड्या घेऊन ती पडून राहायची, मी दारात यायचो आणि परत जायचो. आता लाली बरीच उतरली आहे, डाग आहेत. परवा मोबाईलवर तोच मुखोटा पाहत होती. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "दाखव, पाहू दे."

तिनं मोबाईल पालथा ठेवला. रागानं नाही. "राहू द्या, आबाजी," म्हणाली. "पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईले विचारीन, मंग मी ठरवीन."

मी मान हलवली आणि अंगणात जाऊन बसलो.