मिल्कामावशींच्या चाली

उज्वला बोरस्ते आमच्या कॉलेजात मराठी शिकवते. विंचूरच्या कांदेवाल्यांची लेक, आणि अकरा वर्षं अभ्यास कशाचा, तर मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायलांच्या गाण्यांचा! स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "नाशकात ज्यू आहेत तरी किती?" ती म्हणते, "मला एक पुरे."

ती एक म्हणजे देवळालीच्या मिल्कामावशी नवगावकर. वय ब्याऐंशी. त्यांच्या आईच्या वहीत मोशेची, दावीदाची मराठी गाणी उतरवलेली आहेत. वही उज्वलाने वाचून काढली, पण चाली फक्त मावशींच्या गळ्यात. त्या गळ्याचीच तिला काळजी.

अनुदानासाठी तिने कुठे कुठे हात पसरले ते मला ठाऊक आहे. मी ग्रंथपाल, सगळे अर्ज मीच टाइप केले. इकडचे म्हणाले, विषय परदेशी. परदेशातले म्हणाले, हिब्रू येत नाही, मग कसला ज्यू अभ्यास? शेवटी मुंबईची एक संस्था तयार झाली. अट अशी की आधी समिती येणार, तिच्यासमोर गाण्यांचा नमुना ध्वनिमुद्रित करायचा. बाकी मंजुरीआधी काही ध्वनिमुद्रित केलं तर अनुदान नाही.

"अगं, मोबाइलवर करून ठेव गुपचूप. कोण बघतंय?" मी म्हटलं.

"सर, मी सही केलीय."

अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं? राग येतो तिचा, आणि तितकीच मायाही वाटते.

समितीने विचारलं, शनिवार चालेल? कॉलेजला सुट्टी म्हणून हिने झटकन हो म्हटलं. मावशींना कळवलं, पाहुणे गाणी ऐकायला येताहेत. शनिवार पाळून घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्या बेने इस्रायलांना कोकणात शनिवार तेली म्हणत, त्यांच्यावर या बाईने चाळीस पानांचं प्रकरण लिहिलंय!

आम्ही समितीला घेऊन देवळालीला पोचलो तेव्हा मावशी पांढरी साडी नेसून वाटच बघत होत्या. उज्वलाने ध्वनिमुद्रणाचं यंत्र बाहेर काढलं, मावशींचा चेहरा पाहिला आणि तिला धरणी ठाय देईना.

"अगं, आज शनिवार, शब्बाथ ना आमचा? आज यंत्राला हात लावायचा नसतो हं. बसा, गाते मी."

वही न उघडता तासभर गायल्या. समितीतले एक गृहस्थ डोळे पुसत होते. उज्वलाचा अंगठा बटणावर होता, पण तिने ते दाबलं नाही. मी तिच्या जागी असतो तर दाबलं असतं आणि जन्मभर खाली मान घालून फिरलो असतो.

"उद्या करू का?" तिने विचारलं.

"आमची चारची गाडी आहे. आता मंजुरीनंतरच करा," समितीचे लोक म्हणाले.

मंजुरी मिळाली. पत्र यायला सात महिने लागले. पाचव्या महिन्यात मावशींना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली.

उज्वला तरी दर रविवारी देवळालीला जाते. मावशी डाव्या हाताने स्वतः बटण दाबतात. ओठ हलतात, मांडीवर ताल धरतात. यंत्रात पंख्याची घरघर तेवढी भरते. उज्वला वहीतलं एकेक पान पुढे धरून विचारते, "मावशी, हे गाताय का?"

मावशी मान हलवतात. नाही. पुढचं पान.

वही संपते. मग दोघी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतात.