बंद करायचं बटण

"मॅडम, ताता झोपेतून उठतेत, पण जागे होत न्हाईत."

लावण्या नववीतली. ताता म्हणजे तेलुगूत आजोबा. शनिवारच्या वर्गात बाकीची पोरं पुठ्ठे कापत होती आणि ही माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच हे सांगत होती. मी म्हटलं, "म्हणजे काय?" तर म्हणाली, "तुमीच येऊन बघा की."

मी प्रॉडक्ट डिझायनर आहे. आधी पुण्यात मिक्सर आणि पंखे डिझाइन केले, आता चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहे. आमच्या साहेबांनी शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एका शाळेला लॅब बांधून दिली आणि शनिवारचा वर्ग माझ्या गळ्यात मारला. मुलांना नवी वस्तू शोधायला शिकवा, म्हणाले. मी पोरांना पहिलं काम दिलं: घरातल्या एका माणसाचा एक त्रास शोधा, आणि तो कमी करणारी वस्तू बनवा. बहुतेकांनी आईचा त्रास शोधला आणि मोबाइलचा स्टँड बनवला. आईंचा आणि स्टँडचा काय संबंध, ते मी विचारलं नाही.

लावण्यानं मात्र खरा त्रास आणला. तिचे आजोबा यंत्रमागावर रात्रपाळी करायचे. घरालाच लागून त्यांची मागाची शेड होती. आयुष्यभर ते दिवसा झोपले, भिंतीपलीकडे माग खडखडत असताना. मग धंदा बसला, माग भंगारात गेले आणि घर शांत झालं. त्या शांततेत त्यांना झोपच येईना. डॉक्टरांच्या गोळ्यांनी चक्कर यायची. माणूस वाळत चालला होता.

तिनं पलीकडच्या गल्लीतल्या एका चालू शेडमध्ये मागाचा आवाज रेकॉर्ड केला आणि लाकडी खोक्यात स्पीकर बसवला. खोकं बाजेच्या पायाला बांधलं, म्हणजे आवाजाबरोबर हादराही अंगात उतरावा. ही हादऱ्याची कल्पना तिची एकटीची. मी वीस वेळा मिक्सरचा हादरा कमी केला असेल, वाढवायचं माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. आजोबा पहिल्याच दुपारी झोपले. मी इतकी हरखले, की लगेच साहेबांना फोन केला. साहेबांनी त्याच फोनवर वस्तूला नाव ठेवलं आणि प्रदर्शनात स्टॉल घ्यायचं ठरवलं.

आणि आता ही पोर असं सांगत होती.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. एप्रिल महिना, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लावण्याची आई उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळत होती. आजोबा बाजेवर आडवे झाले. लावण्यानं खोकं लावलं. खट-खटाक, खट-खटाक. थोड्याच वेळात त्यांचा श्वास जड झाला. मी मनात म्हटलं, छान तर चाललंय.

मग ते उठून बसले. डोळे उघडे होते, पण आम्ही दोघी समोर असून त्यांना दिसत नव्हतो. अनवाणी चालत ते शेडमध्ये गेले. शेड रिकामी होती. फरशीतून फक्त मागांचे जुने बोल्ट वर आलेले. ते मधल्या वाटेनं निघाले आणि जिथे यंत्र असायचं, तिथे खांदा तिरका करून पुढे सरकले. एका जागी थांबले. हवेतून काहीतरी उचललं, अंगठ्यानं दाबलं, ओठांशी नेलं आणि जोरात श्वास आत ओढला.

त्या रिकाम्या शेडमध्ये तो श्वास स्पष्ट ऐकू आला.

"कांडी बदलतेत," लावण्या कुजबुजली. कांडी म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी. ती धोट्यात बसवतात आणि धोटा मागावर इकडून तिकडे पळतो. कांडी संपली की माग थांबतो. मग नवी घालायची आणि धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यायचा. जुने विणकर असंच करत.

आई आत आली. सासऱ्यांचा दंड धरून तिनं त्यांना परत आणलं. तळपायाला बोल्ट लागून रक्त आलं होतं.

"दिवसभर ड्युटीच करतेत मामा," ती म्हणाली. "निजलेत कुटं? एक दिवस त्या बोल्टावर पडले म्हंजे?"

तिचं बरोबर होतं. खोकं काढावं तर झोप नाही, ठेवावं तर हे.

चूक लावण्यानंच शोधली. रेकॉर्डिंग दोन कांड्यांच्या मधलं, तेवढंच होतं. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून लागायचं. त्या जोडात क्षणभर आवाज तुटायचा. मला तो ऐकूही आला नव्हता. आजोबांना झोपेत ऐकू येत होता आणि त्यांच्या लेखी कांडी संपत होती. आम्ही कॉम्प्युटरवर जोड बुजवला. आता माग अखंड चालणार होता.

"मग झालं की," साहेब फोनवर म्हणाले.

झालं नव्हतं. आजोबा आता उठेनातच. जेवायची वेळ टळली. हाका मारल्या, हलवलं, काही नाही. श्वास नीट, चेहरा शांत, आणि उजवी मूठ कशावर तरी घट्ट आवळलेली. घाबरून लावण्यानं खोकं बंद केलं. त्या क्षणी ते उठले आणि शेडकडे निघाले. दुसऱ्या दिवशी आम्ही आवाज हळूहळू कमी करून पाहिला. तो जसा विरत गेला, तसा त्यांच्या चेहऱ्यावर धसका उमटत गेला. तो चेहरा मला बघवेना. मी स्वतःच बटण फिरवून आवाज वाढवला. मला खरंच भीती वाटली, की आपण या माणसाला कुठेतरी पाठवलंय आणि परत आणायची वाट आपल्याला ठाऊक नाही.

संध्याकाळी ते जागे असताना लावण्यानं सरळ विचारलं, "ताता, ड्युटी संपली की माग बंद करून यायचे का तुमी?"

आजोबांना हसू आलं. "बंद कशाला करतील? माग चालूच ऱ्हातो की. दुसरा माणूस येतो, खांद्यावर हात ठेवतो. नेनोच्चिना, नुव्वु पो. मी आलो, तू जा. मंग मूठ सोडायची."

दुसऱ्या दुपारी लावण्या बाजेशी उभी राहिली. खांद्यावर हात ठेवला आणि ते शब्द म्हणाली.

आजोबांची मूठ सुटली. डोळे मिटलेलेच होते. "नरसय्या," ते स्पष्ट म्हणाले, "लवकर आलास आज." मग कुशीवर वळले. तिनं खोकं बंद केलं. ते उठले नाहीत. तासाभरानं साध्या माणसासारखे जागे झाले आणि चहा मागितला.

आईच्या हातातली विडी तशीच राहिली होती. नरसय्या हा त्यांचा पाळीतला जोडीदार. तो वारून बरीच वर्षं झाली, असं तिनं मला अंगणात येऊन सांगितलं.

साहेबांनी अर्थातच सुचवलं, "ते वाक्य रेकॉर्ड करा, टायमर लावा."

केलं. आवाज आला, हात आला नाही. आजोबा झोपेत उठून बसले आणि मान वळवून मागे कोण आलंय ते शोधत राहिले. लावण्यानं ती फाइल तिथेच पुसून टाकली. मी अडवलं नाही.

"मग विकायचं काय?" साहेब म्हणाले.

"विकायचं नाही."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मलाही कामं उरकता आली. शाळेनं मात्र तसंच दुसरं खोकं करवून प्रदर्शनात मांडलं. परीक्षकांनी विचारलं, बंद करायचं बटण कुठंय? लावण्या म्हणाली, "बटण हाय, पण आधी घरचं माणूस लागतं." बक्षीस मोबाइलच्या स्टँडला मिळालं.

त्या दिवशी ती आणि तिची आई प्रदर्शनात होत्या. म्हणून आजोबांची दुपार माझ्यावर आली. वेळ झाली तशी मी बाजेशी गेले, खांद्यावर हात ठेवला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मूठ सुटली. मी खोक्याकडे वळणार, इतक्यात त्यांनी माझा हात धरला. बाहेर ऊन रणरणत होतं, माझ्या तळव्यांना घाम होता.

"नरसय्या," ते म्हणाले, "एवढा गार का रे हात?"

त्यांनी हात सोडेपर्यंत मी उभी राहिले, मगच बटण दाबलं.

ते आता रोज झोपतात, अंगानंही भरलेत. आणि मी नव्या पोरांना वस्तू सुरू कशी होते हे शेवटी शिकवते. ती बंद झाल्यावर माणूस घरी कसा जाणार, हे आधी विचारून या, म्हणते.